जुनी चाळणी

माझे भावोजी आमच्या भूशास्त्र विभागाचे प्रमुख आणि माझे गाईड. म्हणजे घरात ताईचा धाक आणि प्रयोगशाळेत तिच्या नवऱ्याचा. आईबाबा गेल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते, त्यामुळे गाऱ्हाणं सांगायलाही तिसरं कुणी नाही.

भावोजींचं सगळं नाव गार्नेट या गुलाबी खनिजावर उभं आहे. इथल्या वालुकाश्माची वाळू पश्चिमेच्या डोंगरातून वाहत आली, असं त्यांनी तरुणपणी मांडलं. दगड कुटून, चाळून जड द्रवात टाकला की साधी वाळू तरंगते आणि जड खनिजं तळाशी बसतात. त्यांवरून वाळूचं मूळ गाव कळतं. यांच्या दगडात गार्नेट निघालं आणि ते त्याच डोंगरात आहे, म्हणून हे थोर.

माझा प्रबंध त्यापुढचा. पण मायक्रोस्कोपखाली ते गार्नेट मला खटकलं. युगानुयुगं जमिनीत खोल पुरलेलं गार्नेट कुरतडलेलं दिसायला हवं. हे तुकतुकीत, परवाच किनाऱ्यावरून वेचल्यासारखं. मी नवी चाळणी आणून तोच दगड पुन्हा चाळला. गार्नेट औषधालाही नाही.

मग जुनी चाळणी उजेडात धरली. जाळीत जागोजागी गुलाबी दाणे अडकलेले. पूर्वी तिच्यातून समुद्राची वाळू चाळत असत. चाळणी धुवायचा कंटाळा केला आणि त्यावर प्राध्यापकी मिळाली.

चाळणी मी घरी आणली. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हे दाणे दगडातले नाहीत, चाळणीतले आहेत. मी प्रबंधात हेच लिहिणार."

"त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलंय गं. तेवढा दम धरवत नाही?"

"तोवर प्रबंध कुठे ठेवू?"

"डोक्यावर ठेव," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मग तिनेच चाळणी जुन्या चादरीत गुंडाळून आपल्या कपाटात ठेवली. "इथे ते हात घालत नाहीत. त्यांना स्वतःचा रुमाल सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी भावोजींना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, तिथेच मला शंका यायला हवी होती. "प्रबंधाच्या समितीसमोर करून बघू," म्हणाले. "वेळ वाचावा म्हणून दगड मी चाळून ठेवतो."

समितीसमोर मी तो चाळलेला चुरा द्रवात ओतला. तळाशी बसलेलं मायक्रोस्कोपखाली धरलं, तर गुलाबी दाणेच दाणे, सगळे तुकतुकीत.

"नजर बसायला वेळ लागतो," भावोजी समितीला मायेने म्हणाले. मला म्हणाले, "प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाक, मी सही करतो."

"आधी जुनी चाळणी आणते. मग बोलू."

धावत घरी आले, कपाट उघडलं. चादर होती तिथेच होती, चाळणीही होती. उजेडात धरली. लख्ख. जाळीच्या भोकाभोकातला दाणा सुईने काढलेला, वर साबणाचा वास.

ताई दारात उभी होती. "किती घाण झाली होती. दगड चाळायला दिली होती, ती त्यांनी काल परत आणून दिली, म्हटलं धुवून ठेवू."

इतक्या वर्षांत भावोजींच्याने झालं नाही, ते काम ताईने एका दुपारी केलं. केसाने गळा कापला माझा, आणि तोही घड्या घालणाऱ्या हातांनी. मला बोलायचं होतं, पण जाऊन राहायला दुसरं घर नव्हतं.

"जेवून घे," ती म्हणाली. "ते यायच्या आत ते प्रकरण काढून ठेव."