मधली खाट

डॉक्टरांनी कामिनीने त्रास लिहून आणलेला कागद अर्धाच वाचला, घडी घातली आणि टेबलावरून परत सरकवला.

"मल्टिपल स्क्लेरोसिस नसांचाच आजार आहे, ताई. तिथला स्पर्श न कळणं, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, हे चालायचंच. चाळिशी आली तुमची. चालता येतंय, त्यात समाधान माना."

कामिनीचा नवरा हितेंद्र मान खाली घालून फरशी बघत राहिला. जळगावची ही तिसरी खेप, आणि उत्तर तेच. दाराशी बसलेल्या त्याच्या आईचं, पुष्पाबाईंचं, डोकं सणकलं.

"गुडघा दुखतो म्हटलं असतं तर गोळी दिली असती ना? मग हे दुखणं काय परक्याचं आहे?"

"आजी, तुम्ही बाहेर बसा."

"बसते. आधी हे कोण बघतं, त्याचं नाव लिहून द्या."

डॉक्टरांनी तोंड वाकडं करून एका बाई डॉक्टरांचं नाव खरडलं.

फैजपूर येईपर्यंत पुष्पाबाई एसटीत धुमसत होत्या. "मेल्याने पुरता कागद वाचला नाही!"

घरी आल्यावर फाईल ठेवायला त्या आतल्या खोलीत गेल्या. फाईलमधला तो कागद खाली पडला. चष्मा लावून त्यांनी तो उलगडला. डॉक्टरांनी न वाचलेली ओळ शेवटी होती.

'पाच वर्षांपासून आमच्या खोलीत सासूबाई झोपतात.'

कामिनी एकदा रात्री मोरीत पडली, तेव्हा पुष्पाबाईंनी स्वतःच आपली खाट तिच्या पलंगाला लावली होती. हितेंद्रची गादी पुढच्या खोलीत गेली. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. त्या नव्या नवरी असताना त्यांच्या स्वतःच्या सासूची खाट दोन वर्षं त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याला आडवी असायची. सून पोरसवदा आहे म्हणे! तेव्हा पदर दातांत धरून गिळलेला संताप पन्नास वर्षांनी पुन्हा घशाशी आला. या वेळी शिव्या घालायला समोर सासू नव्हती.

कामिनी काठी टेकत दारात आली. कागद बघून थबकली.

"तोंड नव्हतं का तुला?" पुष्पाबाई कडाडल्या.

"तुम्हाला कसं बोलू, आई? माझं सगळं तुम्हीच तर करता."

पुष्पाबाईंनी खाटेवरची गोधडी ओढून काखेत मारली.

"हितेंद्र! इकडे ये. खाटेचं हे टोक धर."

तो धावत आला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने मान वर केली.

"आई," कामिनी हळूच म्हणाली, "रात्री मोरीत जायला लागलं तर?"

"मग नवरा कशाला आहे?" असं म्हणून त्यांनी खाट उचलली.