नेच्याच्या मुळाशी

“त्या बनूचं लेकरू रडत न्हाई, वैनी. जरा बगा जाऊन,” चारुशीलेच्या मुलीला पायांवर पालथं घालता घालता दगडाबाई म्हणाली.

चारुशीला बादलीत कोपर बुडवून पाण्याची ऊब बघत होती. मुलगी घर डोक्यावर घेऊन रडत होती.

“रडत नाही तर बरंच आहे की. हिला जरा शिकवायला सांगा त्याला.”

दगडाबाई हसली नाही. तेलाचा हात पोरीच्या पाठीवरून खाली ओढत म्हणाली, “लेकरानं रडावं, वैनी,” आणि तिने तांब्या मागितला.

चौऱ्याहत्तरच्या आषाढातलं हे बोलणं. मुलीला न्हाऊ घालून, धुरी देऊन निजवेपर्यंत चारुशीला ते विसरूनही गेली. श्रावण लागला तेव्हा तिला भलत्याच गोष्टीने घेरलं होतं. न्हाणीमागच्या नेच्यांनी.

नवरा, मधु, बांधकाम खात्यात होता. पाचगणीच्या कामावरून येताना त्याने ओल्या पोत्यात गुंडाळून तीन गड्डे आणले आणि साताऱ्यातल्या त्या भाड्याच्या घरामागे, भिंतीच्या सावलीत लावले. सांगलीच्या कॉलेजात चारुशीलेने नेचा पाहिला होता तो जर्नलमध्ये डकवलेला, वाळून चपटा झालेला. त्याचा कशाला त्रास व्हायचा? इथले जिवंत होते. गड्ड्याच्या मधोमध तपकिरी लव माखलेल्या गुंडाळ्या वर येत. बुळबुळीत, मान खाली घालून बसलेल्या. एकदा तिने एकीला बोट लावलं आणि सुरवंटाला लागल्यासारखं मागे घेऊन पदराला पुसलं. पानांच्या पाठीवर ओळीने तपकिरी ठिपके होते. ते बीजाणूंचे पुंजके असतात, हे तिला परीक्षेत लिहून माहीत होतं. तरी तिला ती कसली तरी अंडी वाटत.

पाहवत नसे आणि पाहिल्याशिवाय राहवत नसे. रोज सकाळी मुलीला कडेवर घेऊन ती तिथे जाई. मोठ्या गुंडाळीच्या कडेला लहान गुंडाळ्या, त्यांच्या कडेला आणखी बारीक, सगळ्या आतल्या आत वळलेल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच किळसवाणं बोंड उलगडून असं पान होई, की त्यातून आलेला उजेडसुद्धा हिरवा दिसे. ते सुंदर आहे हे तिला नाकारता येत नसे, आणि त्याचाच तिला जास्त राग येई.

मग वास सुरू झाला. नासलेल्या दुधाचा. एका गड्ड्याच्या बुडाशी मातीवर पांढुरकी साय धरली होती आणि तीत मुंग्या चिकटून मेल्या होत्या. मांजराची ओकारी असेल, असं समजून तिने दोनदा फिनेल ओतलं. वास गेला नाही. तिला जेवण जाईना.

नागपंचमीनंतरच्या एका दुपारी ती वाळत घातलेली दुपटी काढायला मागे गेली, तर मागच्या खोलीतली बनू नेच्यापाशी उकिडवी बसून वाटी उपडी करत होती.

बनू म्हसवडकडची. नवरा सयाजी फौजेत. पहिलं मूल गावी दीड महिन्याचं होऊन गेलं, म्हणून या खेपेला सयाजीने तिला बाळंतपणासाठी साताऱ्यात खोली घेऊन ठेवलं होतं. चैत्रात मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवलं, केरबा.

“बनू! काय ओततेस तिथे?”

बनू दचकली. तिने पदर सावरला.

“काय न्हाई, वैनी. आंगचं दूध हाय.”

“शी! आणि ते इथे?”

“भुईवर सांडू न्हाई म्हंत्यात. पायदळी आलं की पान्हा आटतोय. झाडाच्या बुडाला घालावं. तुळशीला घालाय मन धजंना. ह्या केसाळ झाडाला कोण पुजतंय?” ती ओशाळून हसली.

“अगं, पण पिळून टाकतेस कशाला? पोराला पाज ना.”

बनूने तिच्याकडे पाहिलं. वैनी थट्टा करतायत की काय, असं.

“त्येला बाटलीचं देती न्हवं. तुमीच डबा दिल्ता की.”

दिला होता. ज्येष्ठात. पावडरीच्या दुधाचा अर्धा डबा आणि एक जादा बाटली. ‘अंगावरचं किती पोटात गेलं ते कळतं का? यात चमचे मोजून घालायचे. मोजलं की घोर नाही,’ असं ती म्हणाली होती. तेव्हा बनू डब्यावरच्या गुबगुबीत बाळाकडे बघत राहिली होती. ‘पैलं माज्या दुदावरच गेलं, वैनी,’ असं काहीतरी पुटपुटलीही होती. चारुशीलेला तेव्हा घाई होती.

“किती चमचे घालतेस?”

“येक.”

“एका बाटलीला एक?”

“सरंल की वो. दुकानात डबाच मिळंना. तुमी म्हणला व्हता, लय गुणाचं आसतंय. गुणाचं थोडं बी पुरतंय, म्हटलं.”

चारुशीलेने दुपटी दोरीवरच सोडली आणि ती खोलीत शिरली.

बाटली कोनाड्यात उभी होती. आत निळसर पाणी, गळ्याशी पिवळं वेटोळं जमलेलं, रबरी बोंडावर माशा. वास बाहेरचाच. झोळीत मूल जागं होतं. डोळे उघडे, पण ते कुणाकडेच बघत नव्हते. पाय पोटाशी, हनुवटी छातीशी, कपाळावर बारीक लव. चारुशीलेने त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. वळी तशीच राहिली.

तिचा हात आपोआप मागे आला आणि बोटं पदराला पुसली गेली.

मान वर केली तर बनू दारात उभी होती. ती त्या पदराकडे बघत होती.

“अंगावर घे त्याला. आत्ता, लगेच.”

“आदीगत वढत न्हाई आता त्यो,” बनू म्हणाली. तिने हातातली वाटी पुढे धरली. बूड जेमतेम ओलं होतं. “आन् मला बी परवापासनं येवढंच येतंय.”

दगडाबाईने टांगा आणला. सरकारी दवाखान्यात पोराच्या पायाची शीर शोधायला डॉक्टरांना बराच वेळ लागला. चारुशीला आपल्या मुलीला दगडाबाईपाशी ठेवून बाकावर बसून होती. बनू एकदाच बोलली, तेही समोरच्या भिंतीकडे बघत.

“तुमी बोटं पुसली, तवा मला कळलं. तवर मला वाटायचं, गुणाचं हाय पोरगं.”

चारुशीलेला काहीतरी बोलायचं होतं. डबा, चमचे, आपली चूक, यांतलं काहीतरी. तिने विचारलं, “चहा आणू?”

चौथ्या दिवशी बनूचा दीर, नाथाजी, म्हसवडहून आला. डॉक्टर नको म्हणत असताना त्याने बाळ-बाळंतिणीला एसटीत बसवलं. “घरी आय हाय, शेळी हाय. तुमी लय केलं, वैनी,” असं तो हात जोडून म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. ते तिला सर्वांत असह्य झालं. बनू खिडकीशी बसली. लुगड्याच्या घडीत तोंड झाकलेलं पोर होतं, ते हाललं की गाडी हालली म्हणून हाललं, हे चारुशीलेला खालून कळलं नाही.

त्या रात्री जेवताना मधु म्हणाला, “नेचे काय तरारलेत यंदा! तू काही घालतेस काय गं त्यांना?”

ती ताटावरून उठली.

त्यानंतर तिने म्हसवडला तीन कार्डं टाकली. तिन्हींत पाऊसपाण्याचं लिहिलं. उत्तर आलं नाही. स्वतः जायचं म्हणून ती दोनदा एसटी स्टँडपर्यंत गेली आणि परतली.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, सिद्धनाथाच्या दर्शनाला म्हणून का होईना, तर देवळामागच्या आळीत फौजेतल्या सयाजीचं घर विचारा. पाणी मागा. अंगणात रांगणारं एखादं मूल दिसतंय का, बघा. नाहीच दिसलं, तर बनू जेवते का, कुणाशी बोलते का, तेवढं बघून या. आणि कुणी पाठवलं म्हणून तिने विचारलं, तर नाव सांगू नका.