लाटसाहेबाची लेक आणि रुक्माबाई

एकोणनव्वद सालच्या जानेवारीत पाचोऱ्याच्या तहसील कचेरीतला रुपचंद कारकून सायकल दामटत लिलाबाई सुरवाड्यांच्या दारात आला. लिलाबाई आदल्याच वर्षी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. रुपचंद त्यांच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे आधी पाया पडला आणि मग निरोप सांगितला.

"बाई, उद्या सकाळी आजींना घेऊन विश्रामगृहावर यायचंय. विलायतेहून लेडी ऑड्री आल्यात. इंग्रजांच्या राज्यात मुंबईचे गव्हर्नर होते ना लॉर्ड वेल्बरी, त्यांची मुलगी. साहेबांनी हारतुरे, फोटोग्राफर, सगळं सांगून ठेवलंय."

लिलाबाईंना कारण विचारावं लागलं नाही. ती हकिगत त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

तीस साली भादव्यात लाटसाहेबाची खास गाडी खानदेशातून चालली होती. पावसाने पुढचे रूळ खचले आणि गाडी पाचोऱ्याच्या स्टेशनात अडकून पडली. गाडीत लाटसाहेबाची बायको तापाने फणफणलेली, आणि दोन महिन्यांची मुलगी. डब्याचं दूध त्या पोरीच्या पोटात ठरेना. गोरा डॉक्टर अंगावर पाजणारी बाई शोधत गावभर फिरला. कोणी दार उघडेना. शेवटी तो महारवाड्यात आला. तिथे रेल्वेच्या गँगमधल्या झिपरूची अठरा वर्षांची बायको रुक्मा ओटीत दोन महिन्यांची लिला घेऊन बसली होती. पुढचे पाच दिवस रुक्माने दोन्ही पोरी पाजल्या. ज्या बाईला गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती, तिच्या दुधावर लाटसाहेबाची लेक जगली.

लिलाबाई त्याला आत घेऊन गेल्या. सत्याहत्तर वर्षांच्या रुक्माबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. त्यांनी निरोप ऐकला आणि सूप खाली ठेवलं.

"मी नही जाऊ," त्या म्हणाल्या. "मांगे तिन्हा दारले मी गयथू. आते ती ई मन्हा दारले."

रुपचंद गडबडला. "आजी, अहो केवढं मोठं घराणं! चारशे वर्षांचं. साहेब काय म्हणतील?"

"साहेबले सांग, मन्ह घर बी मोठंच शे."

लिलाबाईंना हसू आलं, आणि ऊरही भरून आला. त्या रुपचंदला म्हणाल्या, "जसं सांगितलंय तसंच सांग. एक शब्द बदलू नकोस."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सरकारी जीप बौद्धवाड्याच्या तोंडाशी थांबली. पुढे जीप जायला वाट नव्हती. पांढऱ्या केसांची, उंच, किंचित वाकलेली बाई चालत आली. मागे रुपचंद हार सांभाळत होता, त्याच्यामागे फोटोग्राफर. आळीतल्या बाया दारादारांत उभ्या होत्या. ऑड्रीबाईंनी उंबऱ्याबाहेर बूट काढले. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

रुक्माबाई खाटेवरून उठल्या नाहीत. त्यांनी पाहुणीचा चेहरा नीट न्याहाळला, मग शेजारी हात थोपटला. "बस."

रुपचंद इंग्रजी जुळवू लागला, तशी लिलाबाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि स्वतःच बोलायला सुरुवात केली. ऑड्रीबाई चकित झाल्या. "इतकं चांगलं इंग्रजी कुठे शिकलात?"

"इथेच," लिलाबाई म्हणाल्या. "माझ्या आईने शेण वेचून मला शिकवलं."

मग ऑड्रीबाईंनी आपल्या घराण्याचं सांगितलं. वडिलांची शंभर खोल्यांची हवेली विकली गेली होती. थोरला भाऊ लढाईत पडला. वडील शेवटपर्यंत कडकच राहिले. आता घराण्यात त्या एकट्या उरल्या होत्या, आणि घराण्याचा इतिहास लिहायला बसल्या होत्या. वडिलांच्या रोजनिशीत त्यांना पाचोरा हे नाव सापडलं होतं.

"काय लिखेल शे त्यामा?" रुक्माबाईंनी विचारलं.

ऑड्रीबाईंनी वडिलांची चामडी रोजनिशी उघडली, पण वाचेनात. त्यांचे कान लाल झाले. लिलाबाईंनी रोजनिशी हातात घेतली. एकच ओळ होती. बाळासाठी हलक्या जातीची एक देशी बाई मिळवून आणवली.

 आईला काहीतरी गोड सांगून टाकावं असं लिलाबाईंना क्षणभर वाटलं. पण जन्मभर मुलांना खरं वाचायला शिकवत आलेली बाई ती. त्यांनी ओळ जशीच्या तशी सांगितली. 

"आणवली?" रुक्माबाई ताठ बसल्या. "मी काय बकरी व्हती? तो डॉक्टर मन्हा दारमा गुडघाभर चिखलमा उभा ऱ्हायना. हात जोडात त्यानी. मी त्याले सांगं, पहिले मन्ही लिला पी, मंग तुन्ही पोर. तो हा बोलना, तवय मी गयी. मन्हा पायवर गयी. लिही म्हना तिले."

लिलाबाईंनी प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगितलं, सावकाश, वर्गात श्रुतलेखन घालावं तसं. ऑड्रीबाई खाली मान घालून आपल्या वहीत लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी पूर्ण नाव विचारलं.

"रुक्माबाई झिपरू बिऱ्हाडे."

तीनदा विचारून, अक्षर अक्षर लावून त्यांनी ते लिहिलं. मग वही मिटली आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना आवरेना. रुक्माबाईंनी त्यांचं डोकं आपल्या खांद्याशी घेतलं. "रडू नको माय. तू पिवाले भलती खट व्हती. मन्ही पोरना वाटा बी मांगे."

लिलाबाईंनी हे भाषांतर करून सांगितलं, तेव्हा ऑड्रीबाई रडता रडता हसल्या. आळीतल्या बायाही हसल्या. फोटोग्राफरने फोटो काढला तो त्याच वेळी. जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. ऑड्रीबाईंनी दोनदा मागून घेतलं.

एक्याण्णव साली पुस्तक टपालाने आलं. जाडजूड, लाटसाहेबाच्या पणजोबापासूनच्या तसबिरी छापलेलं. त्यात तो फोटोही होता, पानभर, आणि खाली रुक्माबाईंचं पूर्ण नाव. लिलाबाईंनी अख्खी आळी जमवली आणि ते प्रकरण मोठ्याने वाचून, अर्थ सांगत गेल्या. चिखलातला डॉक्टर आला, जोडलेले हात आले. बाया माना डोलावत होत्या. पुढे एक वाक्य आलं, की ती कोवळी, घाबरलेली आई डब्याच्या पायऱ्या चढली.

"थांब," रुक्माबाई म्हणाल्या. "घाबरेल? कोन घाबरेल व्हतं? मी? घाबरेल तर लाटसाहेब व्हता. दारमा टोपी हातमा लिसन उभा व्हता, हात थरथरी ऱ्हायंतात. बाकी बठ्ठं बेस लिखं पोरनी. लिला, कागद ले. तिले कळाड."

लिलाबाईंनी चष्मा पुसला, पेनचं टोपण काढलं आणि इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं.