दोराची थरथर

कामरगावच्या शिवारात भाऊसिंग मुकादमाची टोळी विहीर खोदत होती. विहीर इतकी खोल गेली होती, की खालून ओरडलं तर वर नुसता घुमारा येई. म्हणून खालचा माणूस दोराच्या हिसक्यांनी बोले. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा, तीन म्हणजे ढील द्या. भाऊसिंगच्या बापापासून चालत आलेली ही भाषा. तिला नावं ठेवायची कोणाची हिंमत?

पण परवा याच भाषेनं घात केला. खेमानं खालून तीन हिसके दिले, वरच्यांनी दोनावरच ओढायला घेतलं, आणि भाऊसिंगचा हा एकुलता पोरगा कपारीवर आपटून खांदा सुजवून बसला. आज तो पुन्हा उतरणार होता. त्याची बायको मोतीबाई वर रहाट ओढायची.

उपाय तिला सुचला होता. पण सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही तांड्याची रीत. मग तिनं पदर नाकापर्यंत ओढला आणि सासूकडे तोंड केलं. सासरा शेजारीच बसून सगळं ऐकत होता, तरी निरोप जमनाबाईमार्फतच जायचा!

"सासूबाई, त्याईले सांगा, हिसके देऊन झाले की खालच्यानं दोर थरथरवावा. म्हणजे बोलणं पुरं झालं. थरथर येत नाही तोवर वरच्यानं रहाट हलवू नये."

"ऐकलं न?" जमनाबाई नवऱ्याला म्हणाली.

"मी काय बहिरा हाय?" भाऊसिंग उखडला. "सांग तिले, दोन म्हणजे दोन. त्याले आणखी शेपूट कायले पाह्यजे?" मग पोराच्या खांद्याकडे नजर गेली आणि तो जरा नरमला. "बरं, आज मीच उतरतो. पाहू तिची अक्कल."

तो उतरला. टिकावाचे ठोके आले, थांबले. दोराला हिसका बसला. दुसरा बसला. रहाटावरच्या उदयसिंगनं, भाऊसिंगच्या पुतण्यानं, सवयीनं जोर लावला, तशी मोतीबाई दांड्यावर आडवीच पडली.

"थांबा भाऊजी!"

"अवं, काकानं दोन देल्ले न!"

"थरथर कुठं आली?"

दोर गप्प. उदयसिंग चडफडला. आणि मग तिसरा हिसका आला, त्यामागून थरथर. त्यांनी पटकन ढील दिली.

थोड्या वेळानं दोन हिसके आले, थरथरीसकट. भाऊसिंग वर आला तो धुळीनं पांढराफटक.

"पायाले दोराचा वेढा बसला होता," तो म्हणाला. "तिसऱ्या हिसक्याले हात निसटला. दोनावर ओढलं असतं तर उलटा टांगलो असतो."

खेमानं धड हातानं मांडीवर थाप मारली. जमनाबाई निरोप घ्यायला सुनेकडे वळली.

"तू मधात नको," भाऊसिंग म्हणाला. "तिले बोलू दे."

सगळी टोळी बघत राहिली. मोतीबाईनं पदर कपाळापर्यंत वर सारला. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"मामाजी, मंग आता सगळ्याईनं असंच बोलायचं न?"

भाऊसिंगनं दोर हातात घेतला, आणि चांगला थरथरवला.