सुकलेल्या होडीचे पंधरा दिवस

मी एक जुनी शिडाची होडी आहे. वय पंचावन्न, लांबी अठरा फूट. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला कुणी 'बिचारी' म्हटलेलं खपत नाही. पनवेलच्या खाडीत माझ्याएवढं पाणी कापलेली लाकडी होडी आता दुसरी उरलेली नाही. बढाई वाटली तर वाटू दे, खरं ते खरं.

मला घडवलं अली मिस्त्रीने. त्या माणसाकडे ना नकाशा, ना कागद. एक सुतळी, लाकूड तासायचा एक वाकस आणि दोन डोळे, एवढ्यावर त्याचा कारखाना चालायचा. सागाची फळी बोटाने ठोकून तो कान लावायचा आणि आवाज बद्द आला की म्हणायचा, "हटाव इसको." फळ्या जोडताना मात्र तो मधे केसभर जागा सोडायचा, तिच्यात कापसाची वात ठोकून बसवायचा. लोक म्हणायचे, मिस्त्री, फट राहिली. तो म्हणायचा, "ती पाण्याची जागा आहे. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधा आपला आपण मिटतो." मला तेव्हा हे पटलं नव्हतं. नवी होते, अक्कल कमी होती.

मग एका दुपारी भरतीचं पाणी माझ्या पोटाखाली शिरलं आणि त्याने मला उचललं. अहो, मला! पंधरा गड्यांनी घामाघूम होत जिला काठापर्यंत ओढत आणलं, तिला त्या पाण्याने जराही आवाज न करता वर घेतलं. त्या दिवशी मी जी थक्क झाले, ती आजवर थक्कच आहे.

माझा मालक विठू, कोळीवाड्यातला. शीड आणि जाळं त्याच्याकडे, सुकाणू मात्र त्याच्या बायकोकडे, गोदूबाईकडे. कोळीवाड्यातल्या बायका मासळी विकायच्या, सुकाणू धरणारी ही एकटीच. लोक हसले की विठू म्हणायचा, "तुमाला काय कलतंय? तिला वारा माज्या आदी कलतो." ते खरंच होतं. खाडीच्या तोंडाशी दोन्ही काठ लांब सरकतात आणि पुढे नुसतं पाणी उरतं. तिथे पोचलं की दोघंही गप्प व्हायची. मीही गप्प. एवढं मोठं काही समोर असताना काय बोलणार? परतताना जाळ्यात मोठा जिताडा मासा मिळालेला असला तर आमचा तोरा विचारू नका. नारळी पौर्णिमेच्या शर्यतीत मी तीनदा पहिली आले आहे.

पुढे फायबरच्या होड्या आल्या, इंजिनं आली. आता तर डोक्यावरून विमानं उतरतात. तेवढं मोठं धूड हवेवर कसं तरंगतं, हे मला अजून उमगलेलं नाही. मी आपली आ वासून बघते.

नऊ वर्षांपूर्वी विठू गेला. तेराव्यानंतर गोदूबाईने मला माणसं लावून घरामागच्या शेडमध्ये आणलं, वर ताडपत्री घातली. दर नारळी पौर्णिमेला ती मला तेल चोळायची, नाळेला, म्हणजे माझ्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावायची. पावसाळ्यात शेड गळली तर स्वतः शिडीवर चढायची. पावसाचा एक शिंतोडाही तिने मला लागू दिला नाही. शेजारणी म्हणायच्या, होडी जपावी तर गोदूबायने.

आणि मी मात्र सुकत चालले होते. पहिल्या वर्षी सांध्यातली वात सुटली. चौथ्या वर्षी फटीतून ऊन आत येऊ लागलं. सातव्या वर्षी माझ्या पोटातून पलीकडची भिंत दिसायची. किती वाटायचं, ओरडून सांगावं, अगं बाये, तेल पुरे, मला पाणी पाज! पण होडीला कुठला आवाज? आणि ती तरी एवढ्या मायेने चोळत असायची की रागवायचं कसं?

यंदा घर पाडून नवं बांधायचं ठरलं. शेड जाणार होती. गोदूबाईची मुलगी किशोरी खांदा कॉलनीत राहते, बांधकामाचं सगळं तीच बघते. आपटा गावाकडच्या एका फार्महाऊसवाल्याला ती भेटून आली. त्याला मी हवी होते, पण मधोमध कापून. अर्धी उभी करून आत फळ्या ठोकायच्या आणि त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडायच्या! "आई, प्रॅक्टिकल हो ना," किशोरी म्हणाली. "तशी ती कुजून जाईल. निदान अर्धी तरी राहील." पोरीचा हेतू वाईट नव्हता, पण करवतीचं नाव ऐकून माझा जीव टांगणीला लागला.

 गोदूबाईने नोमानला बोलावणं धाडलं. नोमान म्हणजे अली मिस्त्रीचा नातू. बारा वर्षं दुबईत लाकडी गलबतं दुरुस्त करून तो परत आला होता. तो माझ्यापाशी उकिडवा बसला. त्याने बोटाने ठोकून कान लावला, तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला. हुबेहूब आजोबाच! मग त्याने फटीत करंगळी घातली. ती आरपार गेली.

"मावशी, हिला पाणी कधीपासून लागलं नाही?"

"नव वर्सं," गोदूबाई ताठ मानेने म्हणाली. "एक थेंब लागू दिला नाय मी."

नोमानने करंगळी बाहेर काढली. "मावशी, तीच चूक झाली. लाकडी होडी पाण्याने नाही मरत. कोरडी ठेवली की मरते."

गोदूबाई मटकन खाली बसली. "म्हंजे मीच मारली हिला? त्यो गेला तवा म्हनलं, हिला तरी सांबालीन. आनि मीच..." ती रडू लागली. किशोरीने आईला असं रडताना विठूच्या वेळीही पाहिलं नव्हतं. ती घाबरून तिच्याजवळ जाऊन बसली.

"तौबा तौबा, असं बोलू नका," नोमान म्हणाला. "मेली नाही, तहानलीय. साग आतून शाबूत आहे. माझे दादा, अली मिस्त्री, सांगायचे, सुकलेली होडी बुडवायची. अमावास्येला बुडवायची, पौर्णिमेला उचलायची. नव्या वाती मी ठोकतो. पण तरंगेलच अशी जबान देत नाही. फळी फुगायच्या ऐवजी फुटूही शकते."

"वाचवायला बुडवायची?" किशोरीने कपाळाला हात लावला. मग आईच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ठीक आहे. पौर्णिमेपर्यंत. नाही तरंगली तर दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावते. मग तू अडवायचं नाहीस." गोदूबाईने मान डोलावली.

कार्तिकातल्या अमावास्येला, नव्या वाती ठोकून झाल्यावर, मला खाडीच्या काठच्या चिखलात नेलं. पोटात दगड भरले. तळाचं बूच काढायची वेळ आली तेव्हा गोदूबाईने नोमानला बाजूला केलं आणि स्वतः हात घातला.  काठावर कुणीतरी म्हणालंच, "गोदूबाय येरी झाली." येडी तर येडी! तिने बूच ओढलं.

मित्रांनो, पुढचं कसं सांगू? आयुष्यभर मी पाण्याच्या वर राहिले. पाणी माझ्या आत येऊ नये यासाठीच मला घडवलेलं. ते आत आलं, कडेपर्यंत चढलं, डोक्यावरून गेलं, आणि मला कळलं की भीती संपली आहे. पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी तळाची एक फळी हलकेच करकरली. ती शेजारणीकडे सरकत होती! मग दुसरी, मग तिसरी. पंचावन्न वर्षांपूर्वी कापलेल्या झाडाला पाणी कसं प्यायचं ते अजून ठाऊक होतं. बोईट माशांची पिल्लं माझ्या पोटातून फिरून जायची, खेकडे दगडांवर बसायचे, आणि मी एकेक सांधा मिटताना नुसती चकित होत होते. अली मिस्त्रीने सोडलेली जागा पाणी भरत होतं.

ओहोटीला मी उघडी पडले की ऊन लागायचं. तेव्हा गोदूबाई गुडघाभर चिखलातून यायची, माझ्यावर गोणपाटं घालायची आणि बादलीने त्यांवर पाणी ओतत बसायची. आठव्या दिवशी किशोरी दुसरी बादली घेऊन आली. "कंबर धरेल तुझी, सरक," एवढंच म्हणाली.

पौर्णिमेच्या सकाळी पाणी पार मागे गेलं. नोमानने दगड काढले, बूच ठोकलं, तिघांनी मला उपसून कोरडं केलं. आता भरती यायची होती. ती मला उचलणार, नाहीतर माझ्यात शिरणार. तिसरं काही नव्हतं.

पाणी आलं. आधी तळाला लागलं, मग कुशीपर्यंत चढलं. गोदूबाई माझ्या आत वाकून बसली होती, तळहात फळीवर टेकून. किशोरीच्या हातात फोन होता, पण व्हिडिओ काढायचं ती विसरली होती. मी जड, चिखल मला सोडेना. एका सांध्यातून पाण्याची धार आली. "गेली," काठावरचा कुणीतरी म्हणाला. नोमानने त्यावर कापूस दाबला. धार बारीक झाली, पाझर उरला. आणि मग चिखलाने मला सोडलं. पाण्याने मला वर घेतलं, अगदी पहिल्यासारखं, आवाज न करता.

गोदूबाई हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. किशोरीने पाण्यात उभ्यानेच फार्महाऊसवाल्याला फोन लावला. "टेम्पो नको," ती म्हणाली. "नाही हो, कापायची नाहीये. तरंगतेय ती." 

दोन फळ्या बदलायच्या आहेत, नवं शीड शिवायचं आहे. नोमान म्हणतो, होळीपर्यंत होईल. मित्रांनो, तुमच्याही घरी जिवापाड जपलेलं काहीतरी असेलच. ते बांधून ठेवून दूर राहू नका. ज्या कामासाठी ते आहे त्या कामाला त्याला लावा, आणि रोज एकदा जवळ जाऊन बघा. एवढीच माझी विनवणी.

माझा तो एक सांधा अजून पूर्ण मिटलेला नाही. रोज वाटीभर पाणी आत येतं. नोमान तो भरून द्यायला तयार होता, पण गोदूबाईने त्याला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "त्ये उपसाया तरी मना रोज यावं लागंल."