मेबलची साक्ष

मेबलला रोलंड फासावर लटकताना बघायचा होता. बस्स, दुसरं काही नको होतं.

गावचा हाच तो शिपाई. राजनिष्ठेची शपथ घेत नाही म्हणून यानेच तिच्या नवऱ्याला, मायल्सला, तुरुंगात टाकलं आणि मायल्स तिथल्या ओलीत खोकून खोकून मेला. शपथ का घ्यायची नाही? तर वीस वर्षांपूर्वी क्वेकर पंथाचा गुरू जॉर्ज फॉक्स फर्बँकच्या माळावर सांगून गेला, की होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, वर शपथ कशाला हवी? खडकावर उभा राहून तो बोलला नि पुढच्या गावाला निघून गेला. त्यापायी इथे घरंच्या घरं उजाड झाली, पण एका तरी क्वेकराने शपथ घेतली असेल तर शपथ!

रोलंडला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मेल्याने भरदिवसा, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या अकरा मेंढ्या हाकलून नेल्या आणि वर दात काढले, "जा की कोर्टात! घे शपथ आणि सांग!"

मेंढ्या त्याच्याच गोठ्यात सापडल्या, खटला उभा राहिला. "तिनेच मला विकल्या," तो म्हणाला. बघणारी एकटी मेबल.

ॲपलबीच्या कोर्टात कारकुनाने बायबल पुढे केलं. मेबलचा हात शिवशिवत होता. मेंढीचोराला फाशीच होती; दोन शब्द बोलायचे, की हा लटकलाच. हात उचललाही तिने. पण ज्याला नाही म्हणून मायल्स मेला, त्याला होय म्हणायचं कोणत्या तोंडाने?

"शपथ नाही घेणार," ती न्यायाधीशाला म्हणाली. "पण ऐक तू. मी विकल्या नाहीत. याने चोरल्या. मी पाहिलंय."

"तू कोणाला म्हणतेस गं?" न्यायाधीश कडाडला आणि ज्युरीकडे वळला. "हिचं बोलणं तुम्ही ऐकलंच नाही असं समजा."

रोलंड खुदकन हसला.

ज्युरीतला कापडवाला उठला. "ऐकलं ते ऐकलं, माय लॉर्ड. बारा वर्षं हिची लोकर घेतोय मी. ओली असली तर आपणहून सांगते, आज वजन धरू नकोस म्हणून. ही पाहिलं म्हणते ना, मग पाहिलंय." बाकीच्या अकरा जणांनी माना हलवल्या. दोषी!

रोलंडचं तोंड पांढरंफटक पडलं. मेबलने ते डोळे भरून पाहून घेतलं.

क्वेकरांच्या पुढच्या प्रार्थनासभेत सगळे नेहमीसारखे गप्प बसले होते. जेनेट, सभेतली सगळ्यांत वडीलधारी बाई, तिच्याजवळ येऊन बसली. "मेबल, बाळा, एकाचा जीव जातोय. आपल्या पंथात सूड चालत नाही. तू सूड म्हणून नाही ना बोललीस? सत्यासाठी बोललीस, होय ना? एवढं होय म्हण, तुला कोणी सभेबाहेर काढणार नाही."

बाकाबाकांवरून माना वळल्या. म्हातारीच्या डोळ्यांत विनवणी होती. एका होयने सगळं निभावलं असतं, आणि या माणसांशिवाय मेबलला जगात होतं तरी कोण?

"नाही," मेबल म्हणाली. "सूडासाठीच बोलले. अजून पोट भरलेलं नाही माझं. फाशीच्या दिवशी सगळ्यांच्या पुढे उभी राहणार आहे."