काळ्या कोटातला ढोलवाला

मी ढोलवाला बोलतोय. उंची बोटाच्या दोन पेरांएवढी, अंग कथलाचं आणि मिजास मात्र थेट नेपोलियनच्या फौजेची. मला ओतताना तोंड उघडं राहिलं, म्हणून जरा बडबड्या आहे.

माझे मालक म्हणजे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी माणसांचे कोट शिवले, आता दुकान बंद करून आम्हा खेळातल्या शिपायांचे रंगवतात. दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर त्यांनी मला चिकटवलं आणि ब्रश चालवायला घेतला. कोट, कॉलर, बटणं, छातीवरचे पट्टे. "खांदा सरळ ठेव रे," असं दटावायचेही, जणू मी हलणारच होतो! मग पायाखाली पत्र्याची चकती, तिच्यावर गोंद, चाळलेली वाळू आणि हिरव्या भुशाचं गवत. वाळू ते चहाच्या गाळण्यातून चाळायचे. त्यावरून मालकीणबाईंनी घर डोक्यावर घेतलं. आता घरात गाळणी दोन आहेत, तरी अधूनमधून चहा कचकचतो.

आमच्या पलटणीतल्या बारा जणांना डोळे तेवढे मिळाले नाहीत. डोळ्यांचा ठिपका सगळ्यात शेवटी द्यायचा असतो, आणि तोवर मास्तरांचाच मोतीबिंदू पिकला होता. "तुमचे नि माझे बरोबरच उघडू," म्हणाले. तेव्हा डोळे मिळेपर्यंतचं सगळं माझं ऐकीव आहे.

दर रविवारी दातांचे डॉक्टर खेळायला यायचे. मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक, आणि शत्रूफौजेचे सेनापती. जेवणाच्या टेबलावर लढाई मांडायची, फासे टाकायचे. नव्याने रंगवलेली पलटण पहिल्याच लढाईत पळते, असं या खेळातली मंडळी मानतात. आम्ही कसले पळतोय! सात रविवार आम्हीच डॉक्टरांना पळवलं.

सातव्या रविवारी मास्तर हात धुवायला गेले, तशा मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, या बारा जणांचे कोट काळे झालेत हो. हे त्यांना निळे समजतायत."

"पहिल्याच दिवशी पाहिलं, वहिनी. रंगाची बाटली चुकली. पण सांगणार कोण?"

मास्तरांचा धंद्यातला नियम एकच, चुकलं की उसवायचं. आमच्यात उसवणं म्हणजे रंग उतरवणाऱ्या स्पिरिटची बरणी. मागे एका घोडेस्वाराची कॉलर चुकली, तर तो दोन दिवस बरणीत होता. बाहेर आला तो कोरा करकरीत. जुन्या लढायांतलं त्याला काही म्हणजे काही आठवेना.

ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब घालायचे दिवसही संपले. एका रविवारी मास्तरांनी मला उचलून खिडकीशी नेलं आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिलं.

"अगं, हे काळे आहेत."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"तुमचा हुरूप मोडवेना मला."

बरणीचं झाकण फिरलं. वास आला. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? सात विजय माझ्या डोक्यात होते, ते सगळे धुऊन जाणार होते.

तेवढ्यात डॉक्टर आले. "मास्तर, बरणी ठेवा खाली. सात वेळा या काळ्यांनी माझी अब्रू घालवलीय. त्यांना धुऊन टाकलंत तर मी वचपा कुणाचा काढू?"

"अहो, पण लोक काय म्हणतील? शिंप्याला काळा-निळा कळत नाही?"

"कुठले लोक? टेबलाशी आपण तिघंच तर असतो," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि ती बरणी चहापासून लांब न्या आधी."

मास्तर हसायला लागले. झाकण परत घट्ट बसलं. "चाळीस वर्षांत न उसवलेली ही पहिलीच चूक," म्हणाले, आणि सगळ्यात बारीक ब्रश हातात घेतला.

एक ठिपका. दुसरा ठिपका.

आणि मला दिसलं. आधी ब्रशचं टोक, मग त्यामागचे मास्तरांचे डोळे, स्वच्छ आणि भरून आलेले. शेजारी माझे अकरा गडी, काळ्या कोटात, आपल्या पाळीची वाट बघत. काय रुबाब होता हो त्यांचा!

तुमच्याही कपाटात कुणी बिनरंगाचा पडून असेल तर त्याला बाहेर काढा. रंग चुकला तरी चालेल, डोळे तेवढे द्या. येतो आता, डॉक्टरांनी फासे उचललेत. ते पळाल्याचं आजवर नुसतं ऐकलंय, आज बघायचंय.